पाच वार कापड आणि एक बाळ

शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा असली की एक तरी झाशीची राणी असतेच. नऊवारी, कपाळावर चंद्रकोर, पुठ्ठ्याची तलवार आणि पाठीवर ओढणीनं बांधलेली बाहुली. बाहुली बांधायचं काम आईकडे. विंगेत उभ्याउभ्या दोन गाठी मारायच्या आणि वर एक सेफ्टी पिन लावायची. राणी रंगमंचावर येते, ठरलेली दोन वाक्यं म्हणते, आणि तेवढ्यात पाठीवरच्या बाहुलीची मान एका बाजूला कलते. एक पाय ओढणीबाहेर लोंबू लागतो. टाळ्या पडतात, राणी आत जाते.

पाठीशी मूल बांधलेली बाई हे चित्र मराठी माणसाच्या मनात असं लहानपणापासून बसलेलं असतं. गंमत अशी, की १८५८ च्या एप्रिलमध्ये लक्ष्मीबाईंनी झाशीचा किल्ला सोडला तेव्हा दामोदरराव आठ-नऊ वर्षांचा होता. घोड्यावर मागं बसून आईला घट्ट धरता येईल एवढा. चित्रकार आणि मूर्तिकार त्याला पिढ्यान्‌पिढ्या लहान करत गेले आणि शेवटी त्याचं तान्हं बाळ झालं. इतिहासाला त्यानं फार धक्का लागला नसेल. पण आठ वर्षांच्या मुलानं मान कधीच धरलेली असते आणि तीन आठवड्यांच्या बाळानं धरलेली नसते. पुढच्या पानांत जे काही सांगितलं आहे, त्यातला बराचसा भाग या एका फरकातून निघाला आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या घरांत बाळाच्या आगमनानंतर एक नवा खोका येऊ लागला. आतून निघतं ते लांबच लांब कापड. बाळ बांधण्यासाठी विणलेल्या कापडाचं एक नेहमीचं माप ४.६ मीटर असतं. वारात मोजलं तर जवळजवळ पाच. म्हणजे लांबीनं आपली पाचवारीच, फक्त रुंदीला कमी. सोबत घडीची एक पुस्तिका असते, तिच्यातली चित्रं नखाएवढी. मग मोबाइलवर व्हिडिओ लागतो. त्यातल्या बाईचा उजवा खांदा पाहणारीच्या डावीकडे असतो, त्यामुळे पहिल्याच वळशाला घोळ होतो. कापडाचं टोक फरशीवर लोळतं, बाळ रडतं, आणि दारातून सासूबाई म्हणतात, "अगं, सरळ कडेवर घे की!"

सासूबाईंचं चुकत नाही. मराठीत बाळ 'घेतात'. कडेवर घेतात, मांडीवर घेतात, खांद्यावर घेतात, जरा मोठं झालं की पाठुंगळी घेतात. इंग्रजीत १९८०च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ विल्यम सिअर्स यांनी 'बेबीवेअरिंग' हा शब्द रूढ केला. त्याचं शब्दशः मराठी करायला गेलं तर 'बाळ अंगात घालणं' असं काहीतरी हास्यास्पद हाती लागतं. 'झोळी' हा शब्द जवळचा वाटतो, पण त्याचा अर्थ आपल्याकडे आधीच ठरून गेला आहे. ऊसतोडीच्या फडात बैलगाडीच्या सावलीला साडीची बांधतात ती झोळी, घरात आढ्याला टांगतात ती झोळी. तिच्यात बाळ निजतं, तिच्यातून हिंडत नाही. म्हणून दुकानात, दवाखान्यात आणि आयांच्या बोलण्यात 'रॅप', 'स्लिंग', 'कॅरिअर' हेच शब्द चालतात. इथंही ते तसेच ठेवले आहेत.

मूल कापडात बांधून कामाला लागणं ही मात्र जगभरची जुनी रीत. मेक्सिकोत त्या कापडाला रेबोझो म्हणतात, पूर्व आफ्रिकेत कांगा, कोरियात पोदेगी, जपानमध्ये ओन्बुहिमो. इंडोनेशियातल्या बायका सेलेंदांगमध्ये मूल कमरेशी घेतात. कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट आयांच्या जाड अंगरख्याला, अमाउतीला, बाळासाठी पाठीवर खास जागा असते. मेळघाटात किंवा सातपुड्यात लुगड्याच्या फडक्यात मूल बांधून बाजाराला निघालेली बाई दिसली, तर तिथं कुणाला तिचं नवल वाटत नाही.

नवल शहरांना वाटलं, आणि शहरांतून हे कापड दुकानात गेलं. अमेरिकी परिचारिका अ‍ॅन मूर १९६०च्या दशकात 'पीस कोअर' या स्वयंसेवक योजनेतून पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये होत्या. तिथल्या आयांच्या पाठीवर शांत पडलेली बाळं त्यांनी पाहिली. मायदेशी परतल्यावर स्वतःची मुलगी झाली तेव्हा तिला तसंच पाठीशी बांधायचा प्रयत्न केला, तर ती सारखी घसरू लागली. मग त्यांच्या आईनं, ल्युसी ऑकरमन यांनी, पट्टे जोडून एक पिशवी शिवून दिली. तिचंच पुढं 'स्नगली' झालं आणि १९६९ मध्ये तिला पेटंट मिळालं. जर्मनीत एरिका हॉफमन यांना जुळ्या मुली झाल्या. घरात असलेलं मेक्सिकोचं कापड त्यांनी वापरून पाहिलं, आणि १९७२ मध्ये अशीच कापडं विणून विकणारी कंपनी काढली. हवाईत रेनर गार्नर यांनी १९८१ मध्ये कापडाला दोन कड्या लावून रिंग स्लिंग केली.

अ‍ॅन मूर यांची मुलगी घसरली, हा या साऱ्या इतिहासातला सगळ्यात कामाचा तपशील आहे. टोगोतली बाई जे करत होती ते मूर यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, हातांनी कधी केलं नव्हतं. टोगोतली मुलगी लहानपणापासून धाकट्या भावंडाला पाठीशी घेते. कापड किती ओढायचं, बाळ किती वर घ्यायचं, हे तिच्या हातांना माहीत होतं. खोक्यातून येतं ते नुसतं कापड. ते हात खोक्यात येत नाहीत.

"आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय, त्यात शिकायचं काय?" हा प्रश्न इथं हमखास येतो. उत्तर आपल्याच रिवाजात आहे. बहुतेक घरांत बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नसे. शेक-शेगडी, अंग चोळणं, पाळणा, आजीची मांडी यांतच बाळाचे पहिले दिवस जात. कडेवर किंवा पाठीशी येई ते मान धरलेलं, बरेचदा बसू लागलेलं मूल. आज तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना छातीशी उभं बांधलेलं बाळ दिसतं. हे वय आणि ही बांधणी शहरी घराला नवीन आहे. आजीचा अनुभव मोठा असला, तरी नेमका या ठिकाणी तो कमी पडतो.

आणि धोका नेमका याच वयात आहे. १२ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं जाहीर इशारा दिला. मागच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ बाळांचे मृत्यू आयोगाच्या नोंदीत होते. त्यांतली १२ बाळं चार महिन्यांपेक्षा लहान होती. त्याच महिन्यात एका कंपनीच्या सुमारे दहा लाख स्लिंग बाजारातून परत मागवण्यात आल्या. त्या खोल पिशवीसारख्या होत्या. बाळ त्यांच्यात आडवं पडे, तळाशी जाई आणि धनुष्यासारखं वाकून बसे. पुढं तिथं स्लिंगसाठी सक्तीचं सुरक्षा मानक आलं. ते २०१८ च्या जानेवारीपासून लागू आहे.

वाकून बसल्यानं जीव का जावा? नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. मागं डोक्याचा फुगवटा, खाली नाजूक मान, आणि मानेच्या स्नायूंत ते डोकं उचलून धरायची ताकद नाही. पाठीला आधार नसला की बाळ खाली घसरतं, पाठीचा बाक वाढतो आणि हनुवटी छातीला टेकते. श्वासनलिका शीतपेयाच्या नळीएवढी बारीक आणि मऊ. मऊ नळी वाकवली की जे होतं तेच तिचं होतं. दुसरी तऱ्हा म्हणजे नाक-तोंड कापडात किंवा आईच्या अंगात दाबलं जाणं. पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं, आणि तोंड वळवून सुटका करून घ्यायची ताकद त्याच्यात नसते. या दोन्ही तऱ्हांत बाळ रडत नाही, धडपडतही नाही, कारण रडायलाही हवा लागते. बाहेरून ते फक्त गाढ झोपल्यासारखं दिसतं. "किती शांत झोपलंय!" हे कौतुक कानावर आलं की वर उचलून बघायची सवय म्हणूनच लावून घ्यायची असते.

ब्रिटनमधल्या स्लिंग उत्पादक आणि विक्रेत्यांनी एकत्र येऊन यावर पाच तपासण्यांचा साधा नियम केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'टिक्स' म्हणून ओळखला जातो. आद्याक्षरं मराठीत जुळत नाहीत, तपासण्या मात्र जुळतात.

कापड घट्ट हवं. सैल राहिलेला प्रत्येक वळसा बाळाला खाली सरकायला जागा देतो. नवशिक्या आईला घट्ट बांधताना बाळ चेपेल असं वाटतं, म्हणून ती सैल सोडते, आणि चुकीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. बाळाचा चेहरा नुसती मान खाली घातली की दिसायला हवा, कापड बाजूला सारून डोकवावं लागता कामा नये. बाळ इतकं वर हवं की मान झुकवली की त्याच्या टाळूचा पापा घेता येईल. हनुवटी आणि छाती यांमध्ये निदान एक बोट सरकेल एवढी जागा हवी. आणि पाठ टेकलेली हवी. बांधून झालं की तळहात बाळाच्या पाठीवर ठेवून हलकेच दाबायचं. बाळ आणखी सरळ झालं किंवा आईच्या अंगाशी आणखी सरकलं, तर आत पोकळी आहे असं समजायचं, आणि सोडून पुन्हा बांधायचं.

अंगावर पाजायला स्लिंग थोडी सैल केली असेल, तर पाजून झाल्यावर बाळ पुन्हा उभं, वर आणि घट्ट करणं हा पाजण्याचाच शेवटचा भाग मानावा. हे राहून जातं, कारण त्या वेळी बाळ झोपलेलं असतं आणि आईलाही डुलकी येत असते.

भारतासाठी यात एक जास्तीची ओळ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, वजनाची नोंद झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं जन्मतः अडीच किलोंपेक्षा कमी भरली. कमी वजनाचं, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा सर्दीनं नाक चोंदलेलं बाळ असेल, तर बाजारातल्या कॅरिअरमध्ये घालण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारलंच पाहिजे. पॅकेटवरची कमीत कमी वजनाची अट शोभेसाठी छापलेली नसते.

पाय हा आजी आणि डॉक्टर यांच्यातला जुना वादाचा मुद्दा. "पाय फाकवून बांधलंस तर फेंगडे होतील," असं घरोघर ऐकू येतं. त्याच भीतीनं बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय ओढून सरळ केले जातात. अस्थितज्ज्ञ याच्या उलट सांगतात. जन्मतः खुब्याचा सांधा पुरता घडलेला नसतो. मांड्या वर उचललेल्या आणि बाजूला उघडलेल्या असल्या की मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसतो. पाय ओढून सरळ बांधले की तो बाहेर सरकायचा धोका वाढतो. जपाननं १९७५ पासून पाय सरळ गुंडाळू नका अशी देशभर मोहीम चालवली, आणि तिथं खुबा निखळण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. मलावीत बहुतेक आया मूल पाठीशी पाय फाकवून बांधतात. तिथं हा विकार फारच विरळा दिसतो, याकडे २०१५ च्या एका वैद्यकीय निबंधानं लक्ष वेधलं. कारण एवढंच असेल असं नाही, पण दिशा तीच आहे. कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरलेलं आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असले, की बाळ बेडकासारखं बसतं. तीच बैठक बरोबर. आजीला हे सांगताना कडेवरच्या बाळाचे पाय दाखवावेत. कडेवर घेतलेलं बाळ तसंच तर बसतं!

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, हे विचारायचा हक्क वाचकाला आहे. त्याचं सगळ्यात ठोस उत्तर कोलंबियाच्या राजधानीतून, बोगोटातून येतं. १९७८ मध्ये तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात इन्क्युबेटर अपुरे होते. डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी कापडानं बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू मदर केअर. आज आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या नवजात कक्षांत आरामखुर्चीत रेललेल्या, गाऊनच्या आत मूठभर बाळ घेतलेल्या आया दिसतात त्या याच पद्धतीनं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका चाचणीत दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतली पाच रुग्णालयं होती आणि एक किलो ते १.८ किलोंच्या आतली ३,२११ बाळं. जन्मल्याबरोबर छातीशी घेतलेल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात ते बांधणं परिचारिकेच्या नजरेखालचं असतं. घरच्या घरी व्हिडिओ पाहून त्याची नक्कल करायची नसते.

चांगल्या वजनाच्या, निरोगी बाळाचं काय? "हाताची सवय लावू नकोस, मग खाली राहणार नाही," हा सल्ला प्रत्येक बाळंतिणीला मिळतो. १९८६ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी ९९ आया आणि त्यांची बाळं घेऊन हे तपासलं. एका गटाला सांगितलं, की बाळ रडत नसतानाही दिवसातून काही तास जास्त अंगाशी घ्या. सहाव्या आठवड्यात त्या गटातली बाळं दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी रडली, संध्याकाळच्या वेळी तर ५१ टक्के. दिवेलागणीला बाळ किरकिरतं हे ज्या घरांनी अनुभवलं आहे, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

आता शिकण्याविषयी. कोणतंही वाहन जसं रिकाम्या मैदानात शिकतात, तसं हे बाळाशिवाय शिकायचं. तीन किलो तांदळाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळली की नवजात बाळाएवढं वजन होतं. आरशासमोर, पलंगाच्या कडेला उभं राहून बांधायचं, म्हणजे सुटलं तरी गादीवर पडेल. आधी कापडाचा मध्य छातीवर. मग दोन्ही टोकं पाठीवर फुली करून खांद्यांवरून पुढं. मग पिशवी आत, आणि त्यानंतर खरं काम. एकेक काठ धरून, पदराच्या निऱ्या सारख्या कराव्यात तसा, सैलपणा बोटाबोटानं ओढून काढायचा. सगळं कापड एकदम खेचलं तर बाहेरचा काठ आवळतो आणि मध्यभाग ढिला राहतो. दहाएक वेळा झाल्यावर हात आपोआप काठ शोधू लागतात. मग जेवलेलं, झोप झालेलं बाळ घ्यायचं आणि शेजारी दुसरं माणूस उभं करायचं. पाठीवर बांधायची घाई करायची नाही. त्याला मान आणि धड दोन्ही पक्के लागतात, म्हणजे बहुधा बाळ बसू लागेपर्यंत थांबायचं.

घरातली साडी चालेल का, हा प्रश्न बांधणी शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिल्या पाच मिनिटांत येतो. धडधाकट सुती हातमागाची साडी तिरप्या रेषेत थोडी ताणली जाते आणि अंगाला धरते. जॉर्जेट आणि सिल्क घसरतात. मोह होतो तो आजीच्या जुनेराचा, कारण मायेनं मऊ झालेलं दुसरं कापड घरात नसतं. पण जुनेर मऊ असतं ते विरलेलं असतं म्हणूनच. गोधडीला ते उत्तम, बाळाच्या वजनाखाली नको. कापड उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधावी. रिंग स्लिंगच्या कड्या मात्र वजन पेलण्यासाठी तपासलेल्याच हव्यात, पडद्याच्या किंवा शोभेच्या कड्या लावू नयेत.

आपल्या हवेत आणखी दोन पथ्यं. स्लिंगचा प्रत्येक थर हा एक कपडा आहे, आणि आईचं अंग ही शेगडी. विदर्भातल्या मे महिन्यात टोपरं, झबलं, दुपटं आणि वर तीन थरांचं रॅप असा थाट बाळाला उकडवून काढतो. हातपाय गार लागतात म्हणून फसू नये, मानेमागं बोट लावून पाहावं. दुसरं स्वयंपाकघर. बाळ बांधलेलं असताना भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. फोडणी, कढई, कुकर आणि उकळता चहा यांच्याजवळ जाऊ नये. खाली पडलेली वस्तू उचलताना एक हात बाळाच्या पाठीशी ठेवून गुडघ्यांत वाकावं.

आणि दुचाकी. स्लिंगमध्ये बाळ घेऊन स्कूटरवर मागं बसलेली आई आपल्या कुठल्याही चौकात दिसते. तिला ते सुरक्षित वाटतं, कारण हात मोकळे असतात. स्लिंग चालण्यासाठी असते, धडक सोसण्यासाठी नाही. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलासाठी चालकाशी जोडणारा खास सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. रॅप हा तो पट्टा नव्हे. मोटारीतही तो बाळाच्या आसनाची जागा घेत नाही.

बांधणाऱ्याच्या अंगाचा विचारही इथं आला पाहिजे. देशात दर पाच बाळंतपणांतलं एक शस्त्रक्रियेनं होतं. टाके ओले असताना कमरेचा पट्टा जखमेवर येणारं कॅरिअर नको, आणि मुळात डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज काहीच नको. तोवर घरात दुसऱ्या छात्या आहेत. बाबा, आत्या, मावशी, आजोबा. बाबांच्या अंगावर बाळ बांधलेलं पाहून लिफ्टमध्ये चार जण हसतील, पण संध्याकाळच्या रडण्यात ते बाळ शांत झालेलं तेच चार जण पाहतील.

पुढच्या पानांत चार बांधण्या पायरीपायरीनं दिल्या आहेत, प्रत्येकीच्या शेवटी त्याच पाच तपासण्या आहेत. त्या पुन्हापुन्हा आल्यामुळे वाचकाला कंटाळा येईल, तो यावा. बाळाला बांधून झाल्यावर त्या तोंडपाठ आठवल्या पाहिजेत. एक विनंती एवढीच, की हे पुस्तक बाळ कापडात घालून एका हातात धरून वाचू नये. बाळ पाळण्यात निजलं असताना वाचावं, स्वयंपाकघरातून तांदळाची पिशवी आणावी आणि आरशासमोर उभं राहावं.